पटाचे वतन

पूर्वी आपल्या प्रांतात पाटीलकीचा, कुलकर्णाचा किंवा शेताच्या बांधाचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे गोत बसत असे. देशमुख-देशपांडे, गावचे पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र जमत, वादी-प्रतिवादींच्या तकरीरी लिहून घेत, साक्षीपुरावा पारखीत, आणि अखेरीस जो निवाडा होई त्याचा महजर लिहून त्याखाली कोणी नांगराची, कोणी आपल्या धंद्यातल्या हत्याराची निशाणी करीत असे. माणसाने कशाकशावर मालकी सांगितली याची ती दप्तरे म्हणजे एक विस्तीर्ण फेरिस्तच होय. होळीच्या पोळीचा मान, पोळ्याच्या बैलांचा मान, शिराळशेटीचा मान, भरसभेत प्रथम मिळणारा विडा, या सर्वांवरून झालेले कज्जे त्यांत आहेत. परंतु अमुक खेळ माझ्या आज्याने काढला, सबब त्याचा हक्क आमच्या घराण्याचा, असा दावा माझ्या वाचनात आलेल्या एकाही महजरात नाही. ज्या समाजाने विड्याच्या पानासाठी पिढ्यानपिढ्या भांडण जागते ठेवले, त्याने सोंगट्यांचा पट, कवड्यांचे दान आणि वाघबकरीच्या रेघा कोणाच्याच वतनात घातल्या नाहीत, ही गोष्ट अलीकडे मला फार विचार करावयास लावते, आणि त्याला निमित्त झाले ते गोरेगाव.

हे गोरेगाव हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलात होता, पुढे परभणी जिल्ह्यात राहिला, आणि 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हा त्यात आला. माझी मावशी तेथे राहते. हळद शिजवण्याची घाई ओसरल्यावर मी तिच्याकडे गेलो असता तिचा अकरावीत शिकणारा नातू हातातला मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणाला, "काका, हा गेम मी बनवलाय." त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका यंत्रणेस चारपाच वाक्ये लिहून दिली होती आणि तिने तासाभरात खेळ उभा करून दिला होता. हळदीचे शेत, त्यात शिरणारी रानडुकरे, हातात बॅटरी घेतलेला राखणदार, आणि पिटाळलेल्या प्रत्येक डुकरामागे दहा गुण. चित्रे सुबक होती, आवाज जेथल्या तेथे होते. मी पाच-सात मिनिटे खेळलो, आणि राखणदार पुनःपुन्हा विहिरीपाशी अडू लागला तेव्हा सहज विचारले, "विहीर इथे का ठेवलीस?" "मी नाही ठेवली, त्यानंच टाकली," असे म्हणून तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने अगदी मनापासून विचारले, "मग काका, हा गेम माझा म्हणायचा का नाही? आणि खेळ म्हणून चांगला आहे का?"

त्या मुलाने विचारलेले दोन प्रश्न, एक स्वोपज्ञतेचा आणि दुसरा सरसतेचा, आज जगभर यंत्रनिर्मित व्हिडिओ गेमांपुढे उभे आहेत, आणि मोठमोठ्या विद्यापीठांतून त्यांची उत्तरे शोधली जात आहेत. मला मात्र उत्तर शोधण्यासाठी प्रथम मागे जावेसे वाटले. कारण कर्ता अज्ञात असलेला, एकाच्या पटावरून दुसऱ्याने उतरून घेतलेला आणि तरीही गुणदोषांनी पारखता येणारा खेळ ही आपल्याकडची फार जुनी वस्तू आहे.

कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर, ज्याला भूलोकमल्ल हे बिरुद होते, त्याच्या नावे असलेला 'मानसोल्लास' हा ग्रंथ शके 1051च्या सुमाराचा. राजाने राज्य कसे मिळवावे येथपासून त्याने विनोदात वेळ कसा घालवावा येथपर्यंत सर्व तपशील त्यात आहे, आणि क्रीडाविषयक प्रकरणांत चतुरंग, पासे आणि कवड्या यांच्या खेळांचे सविस्तर वर्णन येते. त्यानंतर साडेसात शतकांनी, 1871 साली, आमच्याच मराठवाड्यातल्या औरंगाबादच्या हरिकृष्ण नावाच्या ज्योतिर्विदाने आपल्या 'बृहज्ज्योतिषार्णव' या अवाढव्य ग्रंथात 'क्रीडाकौशल्य' नावाचा भाग घातला आणि आपल्या काळी चालू असलेल्या खेळांचे पट व नियम संस्कृतात लिहून ठेवले. एक राजा आणि एक जोशी. दोघांनीही खेळ कसा मांडावा, दान कसे मोजावे आणि जिंकला कोण हे कसे ठरवावे, यावर आपली लेखणी झिजवली. काळजी वाहिली ती नियमाची.

आता ज्या खेळाला कर्त्याचे नाव चिकटलेले आहे त्याकडे वळू. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, तो ज्ञानेश्वरांनी रचला असे परंपरा सांगते. पुण्याचे संशोधक वा. ल. मंजूळ यांनी रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातील जुने मोक्षपट उजेडात आणले तेव्हा या परंपरेची चर्चा पुन्हा झाली. ज्ञानेश्वरांसमवेत तीर्थयात्रा केलेल्या नामदेवांचे परंपरेने मानलेले जन्मस्थान नर्सी हे आमच्याच हिंगोली जिल्ह्यात, कयाधू नदीच्या काठी. आणि नामदेवांना गुरू भेटले, ते विसोबा खेचर, औंढा नागनाथच्या देवळात, तेही याच जिल्ह्यात. अशा भूमीत मोक्षपटाविषयी लिहिताना ज्ञानेश्वरांचे नाव घेण्याचा मोह मला अनावर होतो. तथापि मोह आणि दस्तऐवज यांत भेद केला पाहिजे. तेराव्या शतकातला पट आज आपल्या हाती नाही. जे पट आहेत ते पुष्कळ अलीकडचे, आणि तेही एकसारखे नाहीत. वैष्णवांचे पट 72 घरांचे, जैनांचे 84 घरांचे, सूफींचे त्याहून निराळे. प्रत्येक पंथाने तीच रचना घेतली आणि आपले तत्त्वज्ञान तीत भरले. मूळ कोणाचे म्हणून गोत बसवले असते तर सर्वच बाजूंच्या तकरीरी खऱ्या निघाल्या असत्या.

परंतु कर्त्याचे नाव बाजूस ठेवून केवळ पट पुढे घेतला तर काय दिसते ते पाहण्यासारखे आहे. 72 घरांच्या एका प्रचलित वैष्णव पटात 54वे घर भक्तीचे आहे. तेथून निघालेली शिडी थेट 68व्या घरी, वैकुंठात पोहोचते आणि खेळ संपतो. आणि त्या भक्तीच्या घराला लागून असलेले 55वे घर कोणाचे? अहंकाराचे. तेथल्या सापाच्या तोंडात सापडलेला खेळाडू खाली तिसऱ्या घरी, क्रोधात, येऊन पडतो. भक्ती आणि अहंकार यांत अंतर एका कवडीचे! ज्याने ही दोन घरे शेजारी मांडली त्याने माणसे पाहिलेली होती. मंदिरात पहिल्या रांगेत बसणारा आणि कोणी पुढे गेल्यास संतापणारा गृहस्थ त्याच्या परिचयाचा असला पाहिजे. एरवी अहंकाराची शेपटी लोभात न जाता क्रोधातच का गेली याचा उलगडा होत नाही. हा पट दहा वेळा नकलला गेला असेल, त्याची घरे पुसली आणि पुन्हा लिहिली गेली असतील, पण 54 आणि 55 या दोन घरांचा संबंध ज्या घटकेला प्रथम मांडला गेला त्या घटकेला एक अपूर्व वस्तू निर्माण झाली, असे मी निःशंकपणे म्हणतो. साप आणि शिड्या तर कोणीही काढील. परंतु हा साप येथे का, या प्रश्नाला पटाजवळ उत्तर असणे, यातच त्याची स्वोपज्ञता आहे.

हाच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत गेला. तेथील आरंभीच्या पटांवर उद्योगीपणाने यश आणि आळसाने दारिद्र्य असले ख्रिस्ती नीतिपाठ आले, म्हणजे कारणे बदलली तरी होती. पुढे छापखान्यांनी तीही गाळली आणि 1 ते 100 आकड्यांचा, रंगीत सापांचा, कोणतेही घर कोणत्याही घराशी बोलत नाही असा पट राहिला. तोच आपल्याकडे परत आला आणि आपल्या मुलांनी तोच मूळ मानला. पचिसीचेही असेच झाले. कवड्यांचे दान, जोड्या, कोणती सोंगटी पुढे काढावी आणि कोणती घरात रोखून धरावी याचा विवेक, यांपैकी बरेचसे बाजूला सारून 1896 साली इंग्लंडात एका फाशाचा 'ल्यूडो' पेटंट झाला. ज्या वस्तूचे वतन आपण शतकानुशतके कोणालाच दिले नव्हते तिचे तेथे सरकारी दप्तरात नाव लागले. त्यानंतर सव्वाशे वर्षे होण्याच्या आत, 2016 साली, नवी मुंबईतल्या गेमशन या कंपनीने 'ल्यूडो किंग' काढला आणि तो पट मोबाईलच्या काचेवर बसून कोट्यवधी लोकांच्या, गोरेगावातल्या पारावरच्या मुलांच्यासुद्धा, हातात आला. या लांबच्या प्रवासात पटाची रेघ टिकली, सोंगट्यांचे चार रंग टिकले; घरांमागची कारणे वाटेत एकेक करून सांडत गेली. यंत्राच्या हातून आज जे घडते आहे असे आपण म्हणतो त्याचा आरंभ माणसाच्या हातूनच, आणि निव्वळ विक्रीच्या सोयीसाठी, झालेला आहे हे विसरता कामा नये.

मग यंत्राला कारण निर्माण करता येते काय? या बाबतीत माझे मत बदलावे लागले, आणि ते ज्यामुळे बदलले त्याचा वृत्तांत थोडा विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे कॅमेरन ब्राऊन या संशोधकाने 'लूडी' नावाची एक संगणकीय यंत्रणा तयार केली. जगातल्या ज्ञात पटखेळांचे नियम सुटे करून, त्यांची कलमे एकमेकांवर बांधून नवे खेळ उपजवायचे. प्रत्येक नव्या खेळात यंत्रानेच दोन्ही बाजूंनी डाव खेळायचे. आणि तो खेळ फार लांबतो काय, बरोबरीत कुजतो काय, मागे पडलेल्यास पुढे येण्याची संधी राहते काय, शेवटपर्यंत निकालाची उत्कंठा टिकते काय, अशा 57 कसोट्यांवर त्यास घासून पाहायचे. या कारखान्यातून 1389 खेळ निघाले. त्यांपैकी खेळण्याजोगे ठरले अवघे 19. राहिलेले खेळ नवे नव्हते असे नव्हे. नवे ते होतेच, पण केवळ नवे होते. केवळ नवेपणा किती स्वस्त असतो याची याहून स्पष्ट गणती मला अन्यत्र आढळली नाही.

त्या 19 खेळांत एक 'यावालाथ' नावाचा आहे. त्याचे नावही यंत्रानेच जुळवलेले. षट्कोनी 61 घरांचा पट, दोघांनी आळीपाळीने एकेक खडा ठेवायचा. एका ओळीत चार खडे लावणारा जिंकतो. मात्र चार होण्यापूर्वी तीनच लागले तर तो हरतो. नियम एवढाच. ओळ लावण्याचे खेळ तर चिंचोक्यांपासून चालत आलेले. त्यांत हे शेवटचे अर्धे वाक्य तेवढे नवे. परंतु त्या अर्ध्या वाक्याने काय होते ते पाहा. मी अशी जागा धरतो की पुढच्या खेपेस माझे चार होतील. तुला ते अडवणे भाग पडते. आणि अडवण्यासाठी तू ज्या घरात खडा ठेवतोस त्याच घरामुळे तुझे तीन लागतात आणि तू हरतोस. शत्रूला त्याच्याच बचावात बुडवण्याची ही युक्ती त्या नियमाच्या पोटात होती. यंत्राला ती ठाऊक होती असे म्हणता येत नाही, माणसांनी खेळता खेळता ती हुडकून काढली. 2009 साली हा खेळ विक्रीस आला आणि जाणकारांनी तो आवडीने खेळला. भक्तीशेजारी अहंकार ठेवणाराच्या मनात कारण होते; यावालाथमध्ये ते कोणाच्या मनात नव्हते, पण पटात होते. कारण कर्त्याच्या हृदयातच असले पाहिजे हा माझा पूर्वीचा आग्रह मी तेव्हापासून सोडला. ते पटात असावे आणि खेळणाराच्या हाती लागावे, एवढे पुरे.

परीक्षण करणाराचे मन स्वच्छ राहत नाही, हीही एक अडचण आहे. 2013च्या डिसेंबरात इंग्लंडच्या मायकेल कुक यांनी आपल्या 'अँजेलिना' या यंत्रणेने रचलेले दोन व्हिडिओ गेम 'लुडम डेर' या खेळनिर्मितीच्या स्पर्धेत उतरवले; एकाचा कर्ता यंत्र आहे हे उघड सांगितले, दुसऱ्याचे झाकून ठेवले. जो उघड यंत्राचा होता त्याकडे परीक्षकांनी अधिक सहानुभूतीने पाहिले. आज दहाबारा वर्षांनी वारे उलटे फिरले आहे आणि यंत्राचे नाव ऐकताच वस्तू न पाहता नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. दोन्ही रीती मला अग्राह्य वाटतात. वादीचा चेहरा पाहून निवाडा करणारे गोत आपण न्यायाचे मानले नसते.

त्यानंतर जे आले ते याहून चकित करणारे आहे. 2024 साली गूगलच्या संशोधकांनी 1993च्या 'डूम' या प्रसिद्ध खेळाची दृश्ये एका यंत्रबुद्धीस शिकवली आणि खेळाची मूळ आज्ञावली न वापरता ती सेकंदाला वीस चित्रे याप्रमाणे तो खेळ जणू स्वप्नात पाहावा तसा दाखवू लागली. थोडा वेळ पाहणाऱ्यास खरे कोणते आणि भासमान कोणते हे ओळखणे कठीण गेले. त्याच वर्षी 'ओएसिस' नावाचा, 'माइनक्राफ्ट'च्या धर्तीवरचा, तसाच एक खेळ निघाला. त्यात आपण टेकडीकडे पाहत उभे राहावे, पाठ फिरवावी, पुन्हा वळावे, तो टेकडी नाहीशी! कित्येकांना याची मौज वाटली. मला त्यात एक गंभीर उणीव दिसते. पट म्हणजे पाठ फिरवली तरी जागेवर राहणारी वस्तू. मावशीच्या ओसरीवर रात्री मोडलेला डाव सकाळी तेथूनच पुढे चालत असे, कारण सोंगट्या कोठे होत्या याची साक्ष पट आणि चार माणसे देत. जेथे घर आपल्या जागी राहत नाही तेथे ते त्या जागी का आहे, हा प्रश्नच संभवत नाही. पुढच्या यंत्रणांची स्मृती पुष्कळ वाढली आहे आणि वाढेल. तेव्हा त्यांचे परीक्षण नव्याने करावे लागेल.

चित्रांच्या सौंदर्याने मात्र कोणी दिपून जाऊ नये. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा डोळ्यांपुढे आणावी. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण 120 गोल पाने, हाताने रंगवलेली आणि लाखेच्या कामाने तकतकणारी. ही कला अस्तास चालली असता सावंतवाडीच्या राजघराण्याने, शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी यांनी, ती राजवाड्यात जगवली, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. परंतु ती पाने विकत घेणारे आज पुष्कळ असले तरी मांडी घालून खेळणारे थोडे. कलावस्तू म्हणून जी अमोल आहे ती खेळ म्हणून निजलेली असू शकते. मोबाईलच्या काचेवरचे झळझळीत शेत पाहताना मला त्या पानांची आठवण झाली.

कायद्याने पाहिले तर माझ्या पुतण्याचा पहिला प्रश्न बराच लवकर निकालात निघतो. 1957च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली अशी दुरुस्ती झाली की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती घडवून आणणारी व्यक्ती. 2007 साली मोडक यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसता घाम गाळल्याने कृती स्वतंत्र होत नाही, बुद्धीचा आणि निवडीचा काही अंश तीत पाहिजे. आणि 2008 साली 'स्क्रॅबल'च्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने पट आणि नियम यांना कॉपीराइट देण्याचे नाकारले. शेवटचा निकाल वाचून मला समाधान वाटले. आपल्या गोताने न बोलता जो निवाडा शतकानुशतके केला होता तोच तेथे शब्दांत आला. पण त्या मुलाला कायदा नको होता. त्याला हे हवे होते की कोणीतरी त्याचा खेळ मनापासून खेळावा आणि खरे सांगावे.

म्हणून मी खरे तेच सांगितले. चित्रे चांगली, पण विहीर तेथे का आहे हे तुला ठाऊक नाही, यंत्राला ठाऊक नाही आणि खेळूनही मला कळले नाही. डुकरे चहूकडून सारखीच येतात, त्यामुळे कोणत्या बांधावर उभे राहावे याला अर्थ उरत नाही. पाच मिनिटांत जे कळायचे ते कळते, सहाव्या मिनिटाला पुन्हा दान टाकावेसे वाटत नाही. तो हिरमुसला नाही, हे त्याचे मोठेपण. उलट त्याने विचारले, "मग घरांना कारण असलेला एखादा खेळ दाखवा की."

मावशी हे ऐकत होती. तिने फडताळातून चिंचोक्यांची पुरचुंडी काढली. चार चिंचोके, प्रत्येकाची एक बाजू फरशीवर घासघासून पांढरी केलेली, दुसरी मूळची काळी तुकतुकीत. चारही पांढरे पडले तर चल्लस, म्हणजे चार. चारही काळे पडले तर आठ. तिने खडूने पाच बाय पाच घरे आखली, चार बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यात मिळून पाच फुल्या मारल्या, आणि एका घरावर बोट ठेवून म्हणाली, "हे तुझं दार. सोंगटी इथून निघती."

"आणि फुलीवर मारता येत नाही, ते कशामुळं?"

"दार हाय ना ते."

"माझ्या दारात मी वाचलो, ते ठीक. पण तुझी सोंगटी माझ्या दारात येऊन बसली तर ती का वाचती, आजी?"

मावशीने चिंचोके दोन्ही तळहातांत धरून खुळखुळवले. "दारात आलेल्याला मारत नसतेत, लेकरा," ती म्हणाली, आणि तिने दान टाकले. तीन पांढरे, एक काळा. तिने आपली सोंगटी मोजून तीन घरे पुढे सरकवली आणि चिंचोके त्याच्यापुढे लोटले.